कालिकतची फायनल आणि मावशीचं प्रमाणपत्र

५ जुलै २०२५, शनिवार. भारताच्या मुलींनी च्यांग माईला थायलंडला २-१ असं हरवलं आणि आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून भारतीय महिला संघ या स्पर्धेत पोचण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी बातम्यांत 'पहिल्यांदाच' हा शब्द इतक्या वेळा आला की त्यातलं 'पात्रता फेरी खेळून' हे कधी गळून पडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'चला, आता कुठे आपल्याकडे बायकांचा फुटबॉल सुरू होतोय.'

मला हे खटकलं, पण उत्तर द्यायला माझ्याकडे माहिती नव्हती. मी पोटासाठी डेटाबेस सांभाळते, तेव्हा सवयीनं एक कोष्टक उघडलं. तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, गोल, गोल कुणी केले. भारतीय महिला संघाचा प्रत्येक सामना त्यात भरायचा असं ठरवलं. अलीकडची वर्षं एका रात्रीत भरून झाली. मागे जायला लागले तशी मे महिन्यातल्या विहिरीसारखी गत झाली. आधी गोल करणारींची नावं आटली, मग तारखा, मग सामनेच.

आणि गंमत म्हणजे जिथे नोंदी सगळ्यात विरळ, तिथेच यश सगळ्यात मोठं. १९७५ मध्ये 'विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया' ही संघटना उभी राहिली. पुरुषांच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघापासून ती पूर्ण वेगळी होती. त्याच वर्षी मुलींची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. जानेवारी १९८० मध्ये आशियाई महिला स्पर्धा केरळात, कालिकतला भरली. यजमान म्हणून भारतानं दोन संघ उतरवले आणि त्यातला एक थेट फायनलला गेला. तिथे तो चिनी तैपेईकडून हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक, १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधला एखाद्या स्त्रीला मिळालेला पहिला. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच पिढीतल्या. म्हणजे ज्या थायलंडला २०२५ मध्ये हरवून आपण 'पहिल्यांदा' काहीतरी केलं, त्याच थायलंडशी ४२ वर्षांपूर्वी आपल्या मुली आशियाई विजेतेपदासाठी खेळल्या होत्या.

मग झालं काय? आशियाई पातळीवर मुलींची स्पर्धा चालवणारी संघटनाही वेगळी होती. १९८६ मध्ये ती आशियाई फुटबॉल महासंघात विलीन झाली. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातली संघटनाही पुरुषांच्या महासंघात गेली. कागदावर ही मान्यता होती. माझ्या धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात: जुनी प्रणाली बंद करायची आणि तिच्यातलं सगळं नव्या प्रणालीत हलवायचं. असं काम ज्यानं केलंय त्याला माहीत असतं की वाटेत काहीतरी सांडतंच, आणि जे सांडतं ते नेमकं कुणी आवर्जून विचारत नाही तेच असतं. विलीनीकरणानंतर मुलींच्या संघाला घर मिळालं, पण त्या घरात तो धाकटा पाहुणा होता. २००९ मध्ये तर दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नावच निघालं. एकेकाळी आशियात दुसरा असलेला संघ हरला म्हणून नव्हे, खेळायलाच पाठवला नाही म्हणून यादीबाहेर गेला.

हे कुणी अभ्यासलंय का, म्हणून शोधायला लागले. इंग्लंडबद्दल वाचायला बसलं तर महिना पुरत नाही. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातल्या कामगार मुलींनी पहिल्या महायुद्धात संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० माणसं आली. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव करून आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ही बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. जीन विल्यम्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिली आहेत.

भारताबद्दल शोधलं की फिरून फिरून बोरिया मजुमदार यांचा २००३ चा एक लेख पुढे येतो, आणि त्यांनी कौशिक बंद्योपाध्याय यांच्यासोबत लिहिलेलं भारतीय फुटबॉलच्या इतिहासाचं पुस्तक. त्या लेखात स्वातंत्र्यापूर्वीच्या कलकत्त्यात मुलींना मैदानावर आणण्यासाठी धडपडणारे ब्रजरंजन राय भेटतात. वाचून आनंद झाला, पण सगळा उजेड बंगालवर. तिथे वर्तमानपत्रं फुटबॉलवर जगत होती, म्हणून चार ओळी तरी छापल्या गेल्या. विदर्भाचं काय? शोधगंगेवर शारीरिक शिक्षणाचे प्रबंध भरपूर दिसतात, खेळाडू मुलींचा वेग, दमसास, लवचीकता मोजणारे. ते काम फालतू नाही. २०२१ मध्ये क्रीडाविज्ञानाचे पाच हजारांवर शोधनिबंध तपासले गेले तेव्हा त्यातले फक्त ६ टक्के निव्वळ स्त्रियांवर केलेले निघाले. पण मुलगी किती सेकंदात धावली हे मोजणाऱ्यांपैकी ती कुठून धावत आली हे विचारणारं मला फारसं कुणी सापडलं नाही.

माझा तर्क असा, आणि तो इतिहासकाराचा नाही हे आधीच सांगते. इंग्लंडमध्ये बंदी घातली गेली. बंदी घालायची तर बैठक लागते, ठराव लागतो, इतिवृत्त लागतं. ५० वर्षांनी अभ्यासक आला की त्याच्या हाताला कागद लागतो. आपल्याकडे कुणीच बंदी घातली नाही. नुसतं मैदान मिळालं नाही, गाडीभाड्याचे पैसे आले नाहीत, पुढची स्पर्धा ठरली नाही. न घडलेल्या गोष्टीची फाईल उघडत नाही.

कागदावरून आठवलं. नागपूरचं आणि फुटबॉलचं नाव एकत्र आलं की आता लोकांना 'झुंड' आठवतो. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'स्लम सॉकर'वरून नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये तो काढला. या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, मुलींसाठी तिचा 'शक्ती गर्ल्स' हा वेगळा कार्यक्रम आहे. पण सिनेमातला माझ्या डोक्यात राहिलेला भाग मैदानावरचा नाहीच. रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी मुलगी आणि तिचे वडील पासपोर्टसाठी, म्हणजे आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी, दारोदार फिरतात तो. खेळता येतं की नाही हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, कागद कुठाय?

तर हे सगळं मी दिवाळीत कामठीला मावशीकडे गेले तेव्हा फराळ खाता खाता सांगत होते. कामठी म्हणजे छावणीचं गाव, तिथल्या पोरांचा फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्यांचा. मावशी चकल्या तळत होती. कालिकतची फायनल ऐकून म्हणाली, "त्याच टायमाले आम्हीबी खेळत होतो ना बाप्पा."

मी सत्तावीस वर्षं या बाईच्या मांडीवर, अंगाखांद्यावर वाढलेय. "तू कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी इचारलं?"

मग कळलं ते असं. शाळेत असताना पीटीच्या सरांनी मुलींचा संघ काढला होता. सलवार खोचून, कॅनव्हासचे बूट घालून, मुलांचं खेळून झाल्यावर उरलेल्या उजेडात सराव. एकदा बसनं नागपूरला नेलं आणि एक सामना झाला. मावशी गोलकीपर होती. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली, मैदान मुलांना पुरेनासं झालं, संपलं. कुणी बंद केलं नाही, नुसतं संपलं. (माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलींसाठी थ्रोबॉल आणि कॅरम होते. फुटबॉलसाठी नाव द्यायला गेले तर फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. तेव्हा मला वाटलं होतं की मी फार नवीन काही मागतेय.)

मावशीनं हात पुसले आणि लोखंडी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात रेशन कार्डाच्या जुन्या प्रती, काकांची विम्याची पावती आणि घडीवर फाटलेलं एक प्रमाणपत्र. छापील मजकुरात 'हॉकी' आहे. त्यावर शाईची रेघ मारून वर हातानं 'फुटबॉल' लिहिलंय. मुलींच्या फुटबॉलचं प्रमाणपत्र छापलेलंच नसणार, तेव्हा सरांनी हाताशी होतं ते दुरुस्त केलं. वर्षाच्या जागी १९८ दिसतं, पुढचा आकडा पाण्यानं पुसलाय. मी त्याचा फोटो काढला. एखाद्या विद्यापीठातल्या अभ्यासकाला हे दाखवलं तर तो याला पुरावा म्हणेल का, माहीत नाही. विदर्भातल्या किती कपाटांत अशा पिशव्या असतील आणि त्या उघडून बघायला कुणी कधी जाणार? मावशी आता साठीच्या घरात आहे. तिच्या संघातल्या दोघी गेल्या. बाकीच्या लग्न होऊन कुठे कुठे आहेत, त्यांची माहेरची नावंसुद्धा तिला धड आठवत नाहीत.

रात्री तिच्या शेजारी बसून मी कोष्टकात नवीन पान उघडलं, कारण हा सामना भारताचा नव्हता, पण माझ्या दृष्टीनं तो त्याच यादीतला होता. ठिकाण: नागपूर. मैदान तिला सांगता आलं नाही. प्रतिस्पर्धी: 'निळ्या रिबिनीवाल्या पोरी'. निकाल विचारला तर म्हणाली, हरलो. मी विचारलं, किती गोलांनी? तिनं चार बोटं दाखवली. मी ०-४ असं टाकलं.

ती चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीन लिव. चौथा ऑफसाइड होता."

मी तीन लिहिलं.