चमक गेली, रेडियम उरले

जुन्या मोटारी हौसेने दुरुस्त करणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते : रात्री डॅशबोर्डवरच्या तबकड्या नीट दिसत नाहीत. पुष्कळदा दोष बल्बचा नसतो. बल्बच्या होल्डरवर व अर्थिंगच्या जोडावर गंज चढतो, रोध वाढतो आणि बल्बला पुरेसा दाब मिळत नाही. तारेच्या बल्बला १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश मात्र सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जोड घासून स्वच्छ केले की बरेचसे काम होते.

परंतु घासण्या-खरवडण्याचा हा उपाय काही तबकड्यांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अनेक लष्करी वाहनांच्या आणि विमानांच्या तबकड्या बल्बशिवाय चमकत. त्यांवरचे आकडे व काटे रेडियमयुक्त रंगाने रंगवलेले असत.

क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला तो १८९८ मध्ये. रेडियमचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळला, की त्यातून निघणारे अल्फा कण भुकटीवर आदळतात आणि प्रत्येक आघातागणिक प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका उमटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारात घड्याळ वाचता यावे म्हणून या रंगाला मोठी मागणी आली. अमेरिकेत न्यू जर्सीमधील ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली तबकड्या रंगवीत. आकडे रेखीव यावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची तेथे पद्धत होती. रंग निरुपद्रवी आहे, असेच त्यांना सांगितले जाई.

रासायनिकदृष्ट्या रेडियम कॅल्शियमचा भाऊबंद. त्यामुळे पोटात गेलेले रेडियम हाडांत जाऊन बसले. मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजली, काहींना रक्तक्षय होऊन मृत्यू आला. या विकाराचे कारण रेडियमच आहे, हे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले. १९२७ मध्ये ग्रेस फ्रायर व आणखी चौघींनी कंपनीवर दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. हा रंग तयार करणारे डॉ. फॉन सोखोकी हेही त्याच वर्षी रेडियमलाच बळी पडले. शरीरातील रेडियमची सुरक्षित मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ही १९४१ मध्ये ठरली, ती अशाच कामगारांच्या तपासणीच्या आधारे.

या तबकड्या आज काळोखात चमकत नाहीत. मग त्यांतले रेडियम संपले काय? मुळीच नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. ८० वर्षांत त्याचा जेमतेम साडेतीन टक्के भाग घटतो. संपते ती झिंक सल्फाइडची चमकण्याची क्षमता, कारण अल्फा कणांच्या सततच्या माऱ्याने त्याचे स्फटिक निकामी होतात. म्हणजे दिवा विझला, पण आग तशीच आहे. अशा तबकडीची काच उघडू नये आणि रंग खरवडू नये, कारण त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

अर्धायुष्य शिकवताना वर्गात हे उदाहरण अवश्य घ्यावे. साडेतीन टक्क्यांचे गणित विद्यार्थ्यांना स्वतः करू द्यावे. मग विचारावे : चमक गेली म्हणून तबकडी निर्धोक झाली, असे म्हणणाऱ्याचे नेमके काय चुकते?