जपानमध्ये भाकरी, पिठलं आणि ठेचा कसा कराल?

बुलढाणा तालुक्यातल्या धाड परिसरातून शिक्षणाला किंवा नोकरीला जपानला गेलात, तरी घरची ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा तिथेही करता येतो. त्यासाठी या गोष्टी आधी माहीत हव्यात.

पीठ : जपानी ज्वारीला 'ताकाकिबी' म्हणतात. ती बहुधा चिकट जातीची असते. भाकरीसाठी भारतीय दुकानातलं पीठ बरं. टोकियोत निशी-कासाई भागात अशी दुकानं आहेत. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळावं. त्यानं ते बांधलं जातं आणि भाकरी थापताना चिरत नाही.

बेसन : 'किनाको' बेसनासारखं दिसतं, पण ते भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आहे. त्याचं पिठलं जमत नाही.

मिरची : 'शिशितो' मिरची सहसा तिखट नसते. ठेच्याला 'आओतोगाराशी' घ्यावी.

तवा : साध्या इंडक्शन शेगडीवर खोलगट किंवा ॲल्युमिनियमचा तवा चालत नाही, सपाट बुडाचा लोखंडी तवा लागतो. गॅस असेल तर मोची भाजायच्या जाळीवर भाकरी फुगवता येते.

मिक्सर : जपानमध्ये वीज 100 व्होल्टची, भारतात 230. इथला मिक्सर तिथे नीट फिरत नाही. खलबत्ता नेलेला बरा.

बॅगेत काय नको : मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. ताजी फळं-भाज्या, धान्य, बियाणं यांपैकी काहींवर पूर्ण बंदी आहे. बाकीच्यांना भारतातलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर माल विमानतळावरच अडतो.