दारू प्यायलेलं इंजिन : ब्राझीलची गोष्ट

ज्यांना बसमध्ये नाहीतर ऑफिसात इअरफोन लावून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. बोललो तसंच लिहिलंय, थोडं झाडूनपुसून.

सुरुवात पप्पांच्या फोनपासून करतो. पप्पा सांगली जिल्ह्यात असतात. त्यांच्याकडे २०१४ सालची कार्बोरेटरवाली बाईक आहे. परवा म्हणाले, "अरे, गाडी हल्ली उचलत नाही, मायलेजपण पडलंय. गावातला पोरगा म्हणतोय इथेनॉलचं किट बसवा, सगळं ठीक होईल. बसवू का? तू इंजिनियर आहेस ना?"

आता मी बीटेक, पण कोड लिहिणारा. पिस्टन शेवटचा पाहिला तो दुसऱ्या सेमिस्टरच्या लॅबमध्ये. पण घरातला ऊस कारखान्याला जातो, त्याच्या मळीचं इथेनॉल होतं आणि ते पुन्हा पप्पांच्याच टाकीत येतं. म्हणजे विषय घरचाच. म्हणून वाचायला बसलो आणि थेट ब्राझीलला पोचलो.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले. तेव्हा ब्राझील जवळपास ८० टक्के तेल बाहेरून आणायचा. त्यात १९७४ ला आभाळाला भिडलेले साखरेचे भाव पुढच्या वर्षी कोसळले. एकीकडे पेट्रोल परवडेना, दुसरीकडे साखरेला गिऱ्हाईक नाही. १४ नोव्हेंबर १९७५ ला राष्ट्राध्यक्ष अर्नेस्तो गायझेल यांच्या लष्करी सरकारने 'प्रोआल्कोल' योजना जाहीर केली. ही कल्पना काही आकाशातून पडलेली नव्हती. १९३१ पासूनच तिथे पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल मिसळायचा नियम होता. पण मिसळणं वेगळं आणि नुसत्या अल्कोहोलवर गाडी पळवणं वेगळं.

इथे एन्ट्री होते उर्बानो अर्नेस्तो श्टुम्फ यांची. साओ जोजे दोस काम्पोस या गावात ब्राझीलच्या हवाई दलाचं तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथले हे प्राध्यापक, इंजिनांवर काम करणारे. १९७६ मध्ये त्यांच्या टीमने तीन गाड्या तयार केल्या: एक डॉज, एक फोक्सवॅगन बीटल आणि गुर्जेल नावाच्या ब्राझिलियन कंपनीची जीपसारखी शावांते. तिन्ही अल्कोहोलवर चालणाऱ्या. त्या हजारो किलोमीटर देशभर फिरवल्या, लोकांना दाखवायला की बघा, चालतंय.

आता त्यांनी इंजिनात नेमकं काय बदललं? इथे जरा थांबूया, कारण किटचं उत्तर इथेच आहे.

पहिली गोष्ट, भूक. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते फक्त ९ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल दीडपटीच्या आसपास सोडावं लागतं. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे ते बारीक भोक, मोठं करावं लागतं. नाहीतर मिश्रण पातळ होतं, गाडी आचके देते आणि तापते.

दुसरी गोष्ट, ताकद. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. मग फायदा काय? फायदा हा की ते दाब सहन करतं. पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन ठोकायला लागतं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभरच्या वर, त्यामुळे ते शांत राहतं. त्या काळातली ब्राझीलमधली पेट्रोल इंजिनं मिश्रण सात-आठ पटींनी दाबायची, अल्कोहोलची इंजिनं हळूहळू अकरा-बारा पटींपर्यंत गेली. दाब वाढला की त्याच इंधनातून जास्त काम निघतं आणि हरवलेल्या मायलेजचा थोडा भाग परत मिळतो. त्यासाठी सिलिंडर हेड किंवा पिस्टन बदलायला लागतो, ठिणगीचं टायमिंग नव्याने बसवायला लागतं. नुसता जेट मोठा केला तर टाकी लवकर रिकामी होते, बाकी काही नाही.

तिसरी गोष्ट, थंडी. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. हिवाळ्याच्या सकाळी गाडी सुरूच होईना. यावर उपाय भारी होता: बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी! सकाळी थोडं पेट्रोल पाजायचं, इंजिन जागं करायचं, मग अल्कोहोलवर न्यायचं.

चौथी आणि सगळ्यात किचकट गोष्ट, गंज. ब्राझीलच्या पंपावरच्या अल्कोहोलमध्ये साधारण ५ टक्के पाणी असायचं. जस्ताच्या मिश्रधातूचे कार्बोरेटर ते खाऊन टाकायचं, टाकीचं अस्तर उतरवायचं, रबर फुगवायचं. मग कार्बोरेटरला निकेलचा मुलामा आला, टाकी, पंप, नळ्या सगळं बदललं.

जुलै १९७९ ला फियाट १४७ आली, कारखान्यातूनच अल्कोहोलवर बनून आलेली जगातली पहिली मोठ्या उत्पादनाची गाडी. तिच्या धुराला दारूचा वास यायचा म्हणून लोकांनी नाव ठेवलं 'काशासिन्या'. काशासा ही तिथली उसाची दारू, म्हणजे आपल्याकडे लाडाने 'देशी' म्हटल्यासारखं.

त्याच सुमारास अनेकांनी जुन्या गाड्या वर्कशॉपमध्ये नेऊन अल्कोहोलवर करून घेतल्या. काही कामं चांगली झाली, बरीच थातुरमातुर. जेट मोठा केला, पैसे घेतले, संपलं. मग गंज, बंद पडणं, शिव्या. १९८१ ला अल्कोहोल गाड्यांची विक्री पडली, त्यामागे हेही एक कारण होतं. पुढे कंपन्यांनी इंजिनं सुधारली. अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या ६५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही अशी हमी सरकारने दिली, करातही सवलती दिल्या. १९८५-८६ पर्यंत ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या कारपैकी ९० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलच्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा ऊस तोडत कोण होतं? मे १९८४ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या ग्वारीबा गावात ऊसतोड मजुरांचा उद्रेक झाला. तोपर्यंत एक मजूर एका वेळी उसाच्या पाच ओळी तोडत जायचा, कारखान्यांनी त्या सात केल्या. रस्त्यावर संघर्ष पेटला, त्यात एक माणूस मेला, शेवटी सात ओळींचा हट्ट मागे घ्यावा लागला. आमच्या शेतावर दर हंगामात बीडकडून टोळी येते. लहानपणी त्यांच्या पोरांबरोबर मी पाचटात खेळलोय. इंजिनाच्या इतिहासात ही माणसं शोधावी लागतात, याचं मला वाईट वाटलं.

मग आलं १९८९. तेल स्वस्त झालं होतं, सरकारकडे पैसा नव्हता, साखरेला बाहेर बरा भाव होता. कारखाने साखरेकडे वळले आणि पंपावर अल्कोहोल संपलं. रांगाच रांगा. विचार करा, सरकारने सांगितलं म्हणून तुम्ही गाडी घेतली. ती फक्त अल्कोहोलवर चालते, पेट्रोल घातलं तर ठोकते. अशा लाखो गाड्या रस्त्यावर! उसाच्या देशाला बाहेरून मिथेनॉल आणून मिसळायची वेळ आली. लोकांचा विश्वास उडाला तो असा की नव्वदीच्या शेवटी शेवटी शंभरात एकही नवी गाडी अल्कोहोलची विकली जाईना.

पुढचा भाग माझा सगळ्यात लाडका, कारण यात हिरो सॉफ्टवेअर आहे! मार्च २००३ ला फोक्सवॅगनने गोल १.६ टोटल फ्लेक्स आणली. पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, दोन्ही कसंही मिसळा. टाकीत काय आहे हे इंजिनाला कळायचं कसं? अमेरिकेतल्या फ्लेक्स गाड्यांत त्यासाठी वेगळा महागडा सेन्सर असायचा. मान्येती मारेली कंपनीच्या ब्राझीलमधल्या इंजिनियरांनी तो काढूनच टाकला. धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तसाही होताच. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर इंधन कमी पडतंय. मग थोडं वाढवा, परत मोजा, परत वाढवा. किती वाढवावं लागलं यावरून टाकीत इथेनॉल किती, ते ओळखा आणि ठिणगीचं टायमिंग त्याप्रमाणे बदला. बस्स, एक फीडबॅक लूप. हार्डवेअरचा खर्च कोडने वाचवला, हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो.

लोकांना मात्र कोडचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना १९८९ ची रांग आठवत होती. आता पंपावर गेल्यावर निवड त्यांची होती. इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. हा हिशोब तिथला कुणीही तोंडावर करतो. काही वर्षांतच नव्या गाड्यांपैकी बहुतेक सगळ्या फ्लेक्स झाल्या.

आता पप्पांची बाईक. आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. ऊर्जा एक तृतीयांश कमी, ती वीस टक्क्यांपुरती, म्हणजे साधारण ६-७ टक्क्यांचा फरक नुसत्या गणितानेच पडतो. कुठलंही किट ती ऊर्जा परत आणू शकत नाही. आणि ब्राझीलच्या माणसाकडे असलेली निवड पप्पांकडे नाही, पंपावर आहे तेच भरायचं. माझी खरी तक्रार ही आहे.

मी पप्पांना म्हटलं, किट नको, आधी गाडी उघडून बघा. गावातल्या जुन्या मिस्त्रीने उघडली. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट गाळ होता आणि पेट्रोलची नळी वाळून चिरली होती. अकरा-बारा वर्षांची नळी, ती इथेनॉलने गेली की वयाने, हे मिस्त्रीलाही सांगता आलं नाही. नळी आणि सील बदलले, वाटी साफ केली, मेन जेट एक नंबर मोठा टाकला. आचके थांबले. मायलेज होतं तेवढंच आहे.

पप्पांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. विचारत होते, "तो ब्राझीलवाला कारखाना उसाला दर काय देतो रे?"