फावल्या वेळाचं मोल

क्रोशाला माग लागत नाही, चौकट लागत नाही. टोकाला आकडा असलेली सुई आणि दोऱ्याचा गुंडा एवढ्यावर काम सुरू होतं, आणि दूध उतू जायला लागलं की आहे तसं बाजूला ठेवता येतं. म्हणून ही कला इतक्या सहज घराघरांत शिरली. त्याच कारणाने तिच्यातले कष्ट मात्र कुणाच्या लक्षात आले नाहीत.

पूर्वेकडून अठराव्या शतकात फ्रान्सला पोचलेल्या आरीकामातून क्रोशा निघाला, असं बरेच अभ्यासक मानतात. कच्छचे मोची आकड्याच्या आरीने साखळीटाका घालत, त्याच जातीचं हे भरतकाम. पुढे खालचं कापड गेलं आणि नुसती साखळी उरली. १८४०च्या दशकात लंडनमध्ये एलिनोर रिएगो द ला ब्राँशार्दिएर हिची नमुन्यांची पुस्तकं निघू लागली आणि सुखवस्तू घरांत क्रोशाचा छंद रुजला.

त्याच दशकात आयर्लंडमध्ये मात्र तो पोटासाठी आला. १८४५पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. कॉर्कजवळ ब्लॅकरॉकच्या मठातल्या जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स गावात १८४७मध्ये धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी तेच केलं. एकीने गुलाब विणायचा, दुसरीने पान, तिसरीने जाळी घालून सगळं जोडायचं. श्रीमंतांच्या गळपट्ट्यांवर ही लेस मिरवली आणि विणणाऱ्यांच्या घरी पीठ आलं.

आपली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या नरसापूरच्या परिसरातही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी लेस शिकवली. तिथेही फुलं विणणारी वेगळी, जोडणारी वेगळी. मारिया मीस यांनी १९८२च्या पुस्तकात या बायकांचा हिशोब मांडला आहे. घरचं सगळं उरकून त्या दिवसाचे सहा-आठ तास विणत. पण घरी बसलेल्या बायकांचा हा वेळ घालवण्याचा उद्योग, असं म्हणत मजुरी अगदी तुटपुंजी दिली जाई. लेस परदेशी जाई, नफा व्यापाऱ्यांकडे राही. २०२४मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला.

हल्ली रविवारी जेवणं उरकली की नात माझ्याकडे क्रोशा शिकते. मुलगा शेंगा सोलत बसतो, सून पेपर वाचते, आणि आम्ही दोघी गॅलरीत. पहिलंच काम म्हणून तांब्यावर झाकायचा साधा चौकोनी रुमाल घेतला आहे. चार ओळींत त्याचा त्रिकोण व्हायला लागला. ओळ उलटवताना घातलेल्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब; परत येताना त्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा, तो तिच्याकडून दर वेळी राहत होता. "आजी, एवढ्याशा रुमालाला किती वेळ लागतो गं!" ती म्हणाली.

हे तिला कळलं, याचं मला रुमालापेक्षा जास्त अप्रूप आहे. आमच्या पिढीने टोपडी, तोरणं, टेबलक्लॉथ विणले आणि सगळे कौतुकाने वाटून टाकले. त्यात माया होती, तशी मेहनतही होती. सुट्टीच्या दिवशी आवडीने विणावं, जरूर विणावं. पण दुसरी कुणी पोटासाठी विणत असेल, तर तिच्या रुमालाची किंमत दोऱ्याच्या भावाने ठरवू नये. तिचे तास मोजावेत आणि घासाघीस न करता पैसे द्यावेत.