चालीखालची नाममुद्रा

गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपले तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या अखेरीस संताची नाममुद्रा येते. ख्यालाच्या कितीतरी बंदिशींत ‘सदारंग’ भेटतो. गाणारे बदलले, काळ उलटला, तरी रचना कोणाची हे रचनाच सांगते. पण जिच्यात शब्दच नाहीत अशा चालीने आपल्या कर्त्याचे नाव कसे सांगावे? संगणकावरच्या जुन्या खेळांच्या संगीतापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

१९८२ मध्ये अमेरिकेतील कमोडोर कंपनीने ‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक बाजारात आणला. त्याची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. त्यात बॉब यानेस या अभियंत्याने तयार केलेली ‘सिड’ नावाची ध्वनी-चिप होती. तिच्यातून एका वेळी तीनच आवाज निघत. मग संगीतकारांनी युक्ती काढली. एकाच आवाजात तीन स्वर ते सेकंदाला पन्नासपर्यंत वेळा आलटून पालटून वाजवत. कानाला मात्र ते एकत्र लागल्याचा भास होई.

ब्रिटनमध्ये या गरिबीतूनच वैभव उभे राहिले. रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे, बेन डॅगलिश हे तिथले नामवंत. ते स्वरलिपी लिहीत नसत, संगणकाला आकड्यांतून आज्ञा देत. १९८५ च्या ‘कमांडो’ या खेळाचे संगीत हबर्ड यांनी एका रात्रीत रचले. सकाळी मंडळी कामावर आली तेव्हा कार्यालयातल्या प्रत्येक कमोडोरवर त्यांनी ती चाल चढवून ठेवली होती, अशी आठवण ते सांगतात.

१९९४ मध्ये कमोडोर कंपनीचे दिवाळे निघाले. यंत्रे माळ्यावर गेली. पण ते खेळ खेळलेली मुले आता मोठी झाली होती, आणि चाली त्यांच्या कानातून गेल्या नव्हत्या. त्यांनी खेळांच्या आज्ञावलीतून संगीत तेवढे वेगळे काढले. ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ या संग्रहात अशा पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत. प्रत्येक रचनेच्या माथ्यावर तीन छोट्या ओळींची जागा असते : चालीचे नाव, संगीतकाराचे नाव, आणि वर्ष व प्रकाशक. शब्दांवाचूनच्या चालीला अशी नाममुद्रा मिळाली.

त्यातूनच रीमिक्सची चळवळ बहरली. रीमिक्स म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. जुन्या गाण्याची मोडतोड, हाच आपला अनुभव. इथे रीत वेगळी होती. कोपनहेगनच्या ‘प्रेस प्ले ऑन टेप’ या बँडने याच चाली गिटार आणि ड्रमवर वाजवल्या. अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी १९९९ मध्ये ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ सुरू केले. तिथे सर्वच खेळांच्या संगीताचे नवे आविष्कार विनामूल्य मिळतात, आणि प्रत्येकाबरोबर मूळ संगीतकाराचे नाव असते. बंदिश जुनी, गायकी नवी. पण बंदिश कोणाची हे आधी सांगायचे.

हे नाव गळले तर काय होते? १९८४ च्या ‘लेझी जोन्स’ या खेळासाठी डेव्हिड व्हिटेकर यांनी अनेक छोट्या चाली बांधल्या. त्यांतलीच एक १९९९ मध्ये ‘झॉम्बी नेशन’ या नावाने आलेल्या ‘कर्नक्राफ्ट ४००’ या नृत्यगीताचा कणा झाली. हे गीत २००० मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. क्रीडांगणांवर हजारोंचा जमाव ती चाल एका सुरात घोळवू लागला. व्हिटेकर यांना पुढे मोबदला दिला गेला. पण त्या जमावातल्या कितीजणांना त्यांचे नाव ठाऊक असेल? पैशांचा हिशेब उशिरा का होईना, मिटतो. लोकांच्या ओठांवर नाव मात्र असे मागाहून चढवता येत नाही.

म्हणून हौशी मंडळींनी जपलेल्या त्या तीन ओळींचे मोल मोठे. रॉब हबर्ड हे इंग्लंडमधल्या हल शहरचे. जून २०१९ मध्ये त्याच शहराच्या सिटी हॉलमध्ये हल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने कमोडोरच्या खेळांचे संगीत सादर केले. एके काळी तीन आवाजांत मावलेल्या चाली त्या दिवशी पूर्ण वाद्यवृंदाच्या झाल्या. त्या कोणाच्या, हे ऐकायला आलेल्यांना कोणी सांगावे लागले नाही.