वैद्यकीय उपकरणांतील अँटेना
पेसमेकर, ग्लुकोजमापक पट्टी अशा शरीरात किंवा अंगावर बसणाऱ्या उपकरणांसाठी माहितीची बिनतारी देवाणघेवाण करणारा घटक. शरीरातील उपकरणांसाठी प्रामुख्याने ४०२–४०५ मेगाहर्ट्झ पट्टा वापरतात. हवामान खात्याच्या फुग्यांवरील रेडिओसाँडही तोच वापरत असल्याने उत्सर्जन २५ मायक्रोवॅटपर्यंतच ठेवतात. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या २५०–५०० मेगाहर्ट्झ ग्राहकाच्या कक्षेतही तो येतो. मात्र तिथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना आहेत, इथे जागा जेमतेम नखाएवढी.

हवेत या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे ७४ सेंमी. असते, पाणीदार स्नायूंत ती ९–१० सेंमी. होते. तीही मोठीच, म्हणून तांब्याची पट्टी नागमोडी वा सर्पिल वळवतात. त्यामुळे कार्यक्षमता घटते. उरलेली बरीच ऊर्जा ऊती शोषतात. क्षारयुक्त द्रवाने शॉर्ट होऊ नये यासाठी अँटेनावर शरीराला न बाधणारे आवरण चढवतात. चाचणी ऊतींसारखे गुणधर्म असलेल्या, पाणी, साखर व मीठ यांच्या द्रावणात होते: साखरेने विद्युत-पारगम्यता (परमिटिव्हिटी) उतरते, मिठाने वाहकता वाढते.

अंगावरील उपकरणे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. कापडी अँटेनामागे वाहक कापडाचा थर देऊन शरीराचा परिणाम रोखता येतो. घामाने कापड भिजले की मात्र अनुनाद-वारंवारता खाली सरकते.