एकच सूर्य, दोन मापं

आजच्या व्याख्यानाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की ही ज्योतिषाची भानगड आहे की काय. तसं नाही. आज आपण बोलणार आहोत ते सूर्याची उष्णता मोजणाऱ्या उपकरणांबद्दल. ती उपकरणं बरोबर मोजतात हे ठरवायचं कोणी आणि कसं, याचा हा इतिहास आहे.

जुन्या काळी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळायची नाही, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतं. धान्य तेच, पण माप वेगळं. आता असं समजा की १९२५ च्या सुमारास एका निरभ्र दुपारी दोन नामांकित उपकरणं शेजारी शेजारी सूर्याकडे रोखून ठेवली आहेत. एक स्वीडनच्या मापावर चालतं, दुसरं अमेरिकेच्या. अमेरिकी उपकरणाने एका चौरस मीटरवर हजार वॉट ऊन पडतंय असं सांगितलं, तर स्वीडिश उपकरण साधारण ९६५ सांगणार. सूर्य एकच, क्षणही तोच, आणि फरक साडेतीन टक्क्यांचा.

साडेतीन टक्के म्हणजे किरकोळ, असं कोणाला वाटेल. पण सूर्याचं स्वतःचं तेज त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात बदलतं ते जेमतेम एक दशांश टक्का. म्हणजे आपल्याला जे शोधायचंय त्याच्या पस्तीसपट मोठा घोळ मापातच होता.

हा घोळ झाला कसा, ते बघू. सूर्याची उष्णता मोजण्याचा पहिला नीट प्रयत्न फ्रान्सच्या क्लोद पुइये यांनी १८३७-३८ मध्ये केला. त्यांनीच या उपकरणाला पायरहेलिओमीटर हे नाव दिलं. काळ्या रंगाची पाण्याची डबी उन्हात धरायची आणि थर्मामीटर किती चढतो ते बघायचं, एवढंच मूळ तत्त्व. आजच्या एककात त्यांचं उत्तर चौरस मीटरला सुमारे १२२८ वॉट येतं. खरा आकडा १३६१ च्या आसपास आहे. डबी आणि थर्मामीटरवर एवढं जवळ पोचणं म्हणजे कमालच म्हणायची. उलट पन्नासेक वर्षांनी सॅम्युएल लँग्ली माउंट व्हिटनीवर खेचरांच्या पाठीवर सामान चढवून गेले, बोलोमीटरसारखं अतिसंवेदनशील यंत्र त्यांनी स्वतः बनवलेलं, आणि त्यांचं उत्तर आलं खऱ्याच्या दुपटीहून जास्त! यंत्र बारीक होतं, पण वातावरणाने किती ऊन खाल्लं याचा हिशेब चुकला होता. उपकरण संवेदनशील असणं आणि ते बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपले दोन मुख्य पक्ष. स्वीडनच्या उप्सालात क्नुट ऑंगस्ट्रॉम होते. ज्यांच्या नावाने प्रकाशाच्या लांबीचं एकक आहे ते अँडर्स ऑंगस्ट्रॉम, म्हणजे यांचे वडील. क्नुट यांनी १८९० च्या दशकात एक फार सुंदर युक्ती काढली. दोन सारख्या, काळ्या केलेल्या, पातळ धातूच्या पट्ट्या घ्यायच्या. एक उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून वीज सोडायची आणि दोन्हींचं तापमान सारखं होईपर्यंत प्रवाह वाढवायचा. तापमान जुळलं की संपलं काम: जेवढी वीज एका पट्टीत खर्ची पडली, तेवढंच ऊन दुसरीवर पडलं. वीज आपल्याला अचूक मोजता येते, म्हणून ऊनही मोजता आलं. ही ‘बदली’ची कल्पना इतकी पक्की निघाली की आजची सगळ्यात उत्तम उपकरणंही त्याच तत्त्वावर चालतात. १९०५ मध्ये इन्सब्रुकला भरलेल्या हवामानशास्त्रज्ञांच्या परिषदेने हे उपकरण प्रमाण म्हणून स्वीकारलं.

पण त्यात एक खोट होती. वीज पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी पट्टी तापवते. ऊन मात्र चौकटीच्या आत जेवढी पट्टी उघडी आहे तेवढ्यावरच पडतं, कडांचा थोडासा भाग कोरडाच राहतो. त्यामुळे माप कमी येतं.

दुसरा पक्ष वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा. तिथे चार्ल्स ग्रीली ॲबट. या गृहस्थांना १०१ वर्षांचं आयुष्य लाभलं आणि त्यातलं बहुतेक त्यांनी सूर्य मोजण्यात घालवलं. ऊन आत शिरेल अशी खोल काळी पोकळी, तिच्या भिंतीभोवती वाहतं पाणी, आत जाणारं पाणी किती अंशांचं आणि बाहेर येणारं किती अंशांचं, हे मोजायचं. पोकळीत शिरलेला किरण आपटून आपटून जवळपास पूर्ण शोषला जातो, म्हणून काळ्या रंगाच्या भरवशावर राहावं लागत नाही. यावरून १९१३ चं स्मिथसोनियन माप ठरलं. ते जगभर पोचवण्यासाठी चांदीच्या चकतीची उपकरणं तयार करून देशोदेशी धाडली गेली. चांदीची चकती स्वतःहून खरं माप सांगत नाही, पण एकदा जुळवून दिली की वर्षानुवर्षं बदलत नाही. दुकानदाराच्या वजनासारखी, शिक्का मारून दिलेली.

आता या कथेतला आम्हांला सगळ्यात रंजक वाटणारा भाग. १९३२ मध्ये ॲबट आणि त्यांचे सहकारी ऑल्ड्रिच यांनी सुधारलेलं, दुहेरी पोकळीचं नवं पाण्याचं उपकरण बनवलं. त्यावर ताडून पाहिलं तर त्यांचं स्वतःचंच १९१३ चं माप सव्वादोन ते अडीच टक्के जास्त निघालं. तुम्ही काय केलं असतं? चूक सापडली, दुरुस्त करा, असंच कोणीही म्हणेल. त्यांनी चूक जाहीर केली, पण नोंदी मात्र जुन्याच मापावर चालू ठेवल्या.

यावरून त्यांना नावं ठेवायची घाई करू नये. ॲबट यांची ठाम समजूत होती की सूर्याचं तेज दिवसागणिक, वर्षागणिक बदलतं आणि त्यावरून हवामानाचं भाकीत करता येईल. त्यासाठी त्यांनी चिलीच्या वाळवंटात, नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या ब्रुकारोस डोंगरावर, सिनाईत, अशी ठाणी उभारली होती. बदल शोधायचा तर पट्टी मध्येच बदलून कशी चालेल? नोंद चुकीची असली तरी सलग हवी, असं त्यांचं गणित. सूर्य काही टक्क्यांनी बदलतो हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. वातावरणातली आणि उपकरणांतली हालचाल त्यांनी सूर्याच्या खात्यावर मांडली होती. पण खरं माप की सलग माप, हा पेच मात्र खराच होता. तो पुढे परत येणार आहे.

मग आलं आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष, १९५७-५८. डझनावारी देश एकाच वेळी पृथ्वी मोजणार आणि ऊन मोजायला दोन मापं, हे कसं चालायचं? सप्टेंबर १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या दावोसला बैठक झाली. जागा दावोसच का? तिथे १९०७ पासून सूर्यप्रकाशाची वेधशाळा होती. कार्ल डोर्नो नावाचा एक जर्मन गृहस्थ मुलीच्या क्षयरोगासाठी या डोंगरातल्या आरोग्यधामांच्या गावी आला, आणि इथल्या उन्हात असं काय आहे या प्रश्नाच्या मागे लागून त्याने स्वतःच्या खर्चाने ती उभी केली. बैठकीत ठरलं असं: ऑंगस्ट्रॉमचं माप दीड टक्क्याने वाढवायचं, स्मिथसोनियनचं दोन टक्क्यांनी घटवायचं. दीड आणि दोन, साडेतीन. भांडणाऱ्या दोन भावांना पंचांनी बांध मध्ये घालून द्यावा, तसं. हे माप १ जानेवारी १९५७ पासून लागू झालं.

पंचांचा निवाडा शांततेसाठी चांगला, पण बांध घातला म्हणून जमीन तिथेच दुभंगते असं नाही. खरं काय ते कळायला आणखी वीस वर्षं लागली. मधल्या काळात अमेरिकेत अंतराळयानांची चाचणी घेण्यासाठी कृत्रिम सूर्य बनवले जात होते, आणि त्या कृत्रिम सूर्याचं तेज नेमकं मोजण्याची गरज पडली. तिथून पोकळीची नवी उपकरणं आली. यांत ॲबटची पोकळी आणि ऑंगस्ट्रॉमची विजेची बदली या दोन्ही कल्पना एकत्र आल्या: शंकूसारखी काळी पोकळी, पाण्याऐवजी विजेची तार. दहा वेगवेगळ्या धाटणीची पंधरा उपकरणं ताडून १९७७ मध्ये नवा जागतिक संदर्भ ठरला, आणि १९८० पासून जागतिक हवामान संघटनेने तो बंधनकारक केला.

नव्या मापाने जुन्यांचा हिशेब केला तेव्हा १९५६ चं तडजोडीचं माप २.२ टक्के कमी निघालं. ऑंगस्ट्रॉमचं २.६ टक्के कमी. आणि स्मिथसोनियनचं १९१३ चं माप २.३ टक्के जास्त! म्हणजे ॲबट आणि ऑल्ड्रिच यांना १९३२ मध्ये सापडलेली दुरुस्ती जवळपास तंतोतंत बरोबर होती. उत्तर हातात होतं, आणि जग त्याच्या बाजूने निघून गेलं. हिशेबी श्रोत्यांना इथे एक विसंगतीही दिसली असेल. ऑंगस्ट्रॉमचं माप दीड टक्क्याने वाढवलं तर ते खऱ्याच्या २.२ टक्के नव्हे, साधारण एक टक्का खाली राहायला हवं होतं. पण ठराव कागदावर होतो, आणि माप प्रत्यक्षात उपकरणं वाहून नेतात. ती ठरावाप्रमाणे वागतीलच असं नाही.

म्हणून आता दर पाच वर्षांनी देशोदेशीची उपकरणं दावोसला आणून तिथल्या प्रमाण उपकरणांच्या संचाशेजारी मांडतात. पहिली अशी तुलना १९५९ ची, तेरावी महामारीमुळे २०२० ऐवजी २०२१ मध्ये झाली. तीनेक आठवडे तज्ज्ञ तिथे बसतात, आणि खरं काम ढगांच्या मर्जीवर असतं. किलोचं वजन कपाटात ठेवता येतं, सूर्य नाही ठेवता येत.

यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. आशियासाठीच्या प्रादेशिक प्रारण केंद्रांत पुण्याच्या हवामानखात्याचं केंद्र आहे. दावोसचं माप तिथे येतं आणि तिथून देशातल्या ठाण्यांवर जातं. याचा पाया ज्यांनी घातला त्या अण्णा मणी. केरळातल्या पीरमेडच्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्या-माणकांवर काम केलेल्या. १९४८ मध्ये त्या पुण्याला आल्या. शंभराच्या आसपास हवामान-उपकरणांचे प्रमाण आराखडे त्यांनी तयार करवून घेतले आणि भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशभर ऊन मोजणारी ठाणी उभी केली. पुढे नागपूर, पणजी अशी आपल्या ओळखीची गावंही या जाळ्यात दिसतात. आज सौरऊर्जेचा प्रकल्प आखणारा जे आकडे उघडतो, त्यांच्या मुळाशी त्यांचे १९८० चे आणि १९८१ चे ग्रंथ आहेत.

अभ्यासकांना इथे एक सावधगिरीची सूचना. १९८० च्या आसपास ज्या ठाण्याने नवं माप घेतलं, तिथे जुन्या नोंदी दुरुस्त केल्या नसतील तर एका रात्रीत ऊन २.२ टक्के वाढलेलं दिसेल. आता १९५० ते १९८० या दशकांत जगातल्या अनेक ठाण्यांवर ऊन खरोखर काही टक्क्यांनी घटलं होतं. मापबदलाची ती पायरी ही घट सहज झाकून टाकू शकते. जुनी वही हाती आली तर आधी विचारायचं, हे कोणत्या मापावरचं?

आणि आता अवरक्ताकडे येऊ, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेकडे. रात्रीही आकाशातून आपल्याकडे उष्णता येते. जगाची सरासरी चौरस मीटरला ३४० वॉटच्या वर आहे. ती मोजणाऱ्या पायरजिओमीटरची अडचण वेगळी. त्याच्यावर सिलिकॉनचा घुमट असतो, आणि तो सगळ्या लहरी सारख्या आत सोडत नाही. प्रयोगशाळेत ते ज्या काळ्या भट्टीसमोर जुळवतात तिचं प्रारण एका घडणीचं, आकाशाचं दुसऱ्या. दावोसला २००४ मध्ये चार पायरजिओमीटरांचा जागतिक संच ठरवला गेला. मग २०१२ च्या सुमारास दावोसचे ग्रोब्नर आणि अमेरिकेचे रेडा यांनी स्वतंत्रपणे, घुमट नसलेली दोन नवी उपकरणं बनवली. दोन्ही फक्त रात्रीच चालतात, दोन्हींची धाटणी वेगळी. आणि दोन्हींनी सांगितलं की निरभ्र, दमट आकाशाखाली जागतिक संच दोन ते सहा वॉट कमी दाखवतो.

दोन ते सहा वॉट. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीच्या ताळेबंदात पडणारी भर चार वॉटच्या आसपास मानतात. म्हणजे मापातली शंका तेवढ्याच आकाराची. वर्षागणिक उष्णता वाढते का हे बघायला जुनं सलग माप पुरतं, कारण तिथे चूक दोन्हीकडे सारखी असते. पण एकूण येणं किती आणि जाणं किती हा जमाखर्च मांडायचा तर खरा आकडाच लागतो. १९३२ मध्ये ॲबट यांच्या टेबलावर होता तोच पेच, फक्त या वेळी सूर्याऐवजी आकाशाचा.

आता प्रश्न घेऊ.